दंतरोपणापूर्वी तोंडाची मशागत

पडलेल्या किंवा काढून टाकलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटेनियम धातूचा स्क्रू बसवायचा आणि त्यावर कृत्रिम दात उभारायचा, या उपचाराला दंतरोपण म्हणतात. रुग्णांच्या तोंडी मात्र ‘इम्प्लांट’ हाच शब्द रुळला आहे. शहरांतील दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत हा उपचार काही दिवसांत आटोपणारा म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्ष स्क्रू बसवण्याचे काम खरोखरच थोड्या वेळाचे असते. एका दातासाठी अर्धा-पाऊण तास पुरतो आणि तोही फक्त जागा बधिर करून. परंतु तो स्क्रू टिकणार की सहा महिन्यांत हलू लागणार, याचा निकाल बऱ्याच अंशी त्याआधीच्या काही महिन्यांत लागलेला असतो.

या पूर्वतयारीकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण अगदी घरगुती आहे. पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करणारा मुलगा गावाकडच्या वडिलांना आठवडाभरासाठी बोलावून घेतो आणि ‘एवढ्या सुटीत दात बसवून टाकू’ असा बेत करतो. वडील यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनसारख्या गावचे असतील, तर हा बेत बहुधा पहिल्याच तपासणीत कोलमडतो. वणी-आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव. आसपास कापसाची शेती, कोळशाच्या खाणी आणि २०२२ सालापासून उत्पादन करणारा मोठा सिमेंट कारखाना. दंतरोपणाच्या दृष्टीने या पट्ट्यातल्या दोन गोष्टींची दखल घ्यावी लागते. पहिली खर्रा, दुसरी जमिनीखालच्या पाण्यातले फ्लोराइड. त्यांचा विचार पुढे केला आहे. आधी हाडाविषयी.

हाड आणि धातू यांची सोयरीक

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची नळी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. अभ्यास संपल्यावर ती नळी काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला थेट चिकटून वाढले होते. या घटनेला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले. १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिले रोपण केले आणि २००६ साली लार्सन यांचा मृत्यू झाला तेव्हाही ते रोपण काम देत होते. जगाच्या दंतवैद्यकाने मात्र हे तंत्र मनापासून स्वीकारले ते १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर.

यातली रुग्णाने लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की रोपण कोणत्याही सिमेंटने चिकटवलेले नसते. त्याला जिवंत हाडाने धरून ठेवायचे असते. रूढ पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या, तुलनेने पोकळ हाडात सहा महिन्यांपर्यंत त्यासाठी वाट पाहिली जाते. निवडक रुग्णांत त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात तात्पुरता दात बसवण्याची पद्धतही मान्य झालेली आहे. पण तीही हाड भरपूर व घट्ट असेल, तोंडात जंतुसंसर्ग नसेल आणि स्क्रू बसवतानाच पक्का पकडला गेला असेल तरच. म्हणजे घाईच्या मार्गालाही पूर्वतयारीतून सूट नाही.

दात काढतानाच सुरुवात

पूर्वतयारीची पहिली संधी बहुतेक रुग्ण नकळत गमावतात. ती असते दात काढण्याच्या दिवशी. दाताच्या मुळाभोवतीचे हाड दातासाठीच असते. दात गेला की ते झिजू लागते. पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली मोठी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. दहा वर्षांपूर्वी दाढ काढून ‘बघू पुढे’ म्हणणाऱ्याच्या जबड्यात अनेकदा सुरीच्या पात्यासारखी धार उरलेली असते. तिच्यात चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू मावत नाही.

म्हणून पुढे रोपण करायचे मनात असेल, तर दात काढण्याआधीच तसे दंतवैद्याला सांगावे. मग तो दात जोर लावून उपटण्याऐवजी मुळे वेगळी करून, ओठाकडची पातळ हाडाची भिंत सांभाळून काढता येतो. पोकळीत अस्थिपूरक भरून तिचा आकार राखता येतो. मुळाशी पू नसेल आणि भिंती शाबूत असतील तर त्याच वेळी रोपणही करता येते. संसर्ग असेल तर जखम भरेपर्यंत चार ते आठ आठवडे, आणि हाड नव्याने भरून यायला हवे असेल तर चार-सहा महिने थांबावे लागते. गावाकडे ठणकणारा दात मिळेल तिथे आणि मिळेल तसा काढून घेण्याची रीत आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण रात्रभर ठणकणाऱ्या माणसाला वणी गाठणे हेच मोठे काम असते. पण फोनवरून सल्ला विचारण्याइतका अवधी बहुधा असतो आणि तो वापरावा.

दात बरीच वर्षे नसला तर आणखी एक अडचण उद्भवते. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि समोरचा दात त्या खड्ड्याकडे सरकत येतो. हाड पुरेसे असूनही वर टोपी बसवायला जागा उरत नाही. हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत साधारण सात मिलिमीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर समोरचा दात घासून लहान करणे किंवा तारा लावून शेजारचे दात सरळ करणे, हे काम रोपणाच्या आधी करावे लागते.

हिरड्या आणि उरलेले दात

रोपणाला कीड लागत नाही, ही समजूत खरी आहे. मात्र त्याच्या भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला आजार होतो. नैसर्गिक दाताभोवतीच्या हिरडीचे धागे मुळात घट्ट रुतलेले असतात. रोपणाभोवती तशी पकड नसते, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला वाट सोपी मिळते. ज्याच्या हिरड्यांतून रक्त येते, तोंडाला दुर्गंधी आहे, दात हलत आहेत, त्याच्या तोंडात हे जंतू आधीपासूनच ठाण मांडून बसलेले असतात. शेजारच्या दातांवरून नव्या रोपणावर यायला त्यांना वेळ लागत नाही.

तेव्हा आधी दातांवरचा कठीण थर काढायचा, हिरडीखालची मुळे खरवडून स्वच्छ करायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी हिरड्यांची खोली पुन्हा मोजायची. या दुसऱ्या मोजणीला रुग्ण कंटाळतात, कारण तोवर रक्त थांबलेले असते आणि सारे ठीक वाटते. पण खरा निर्णय तिथेच होतो. रुग्णाने घरी ब्रश नीट केला की नाही, हे त्या दिवशी डॉक्टरांना कळते. न केलेल्याला रोपणाची घाई करू न देणारा दंतवैद्य रुग्णाच्या पैशाची काळजी घेत असतो, असे समजायला हरकत नाही. किडलेले दात भरून घेणे, शेजारच्या दाताच्या मुळाशी गाठ असल्यास रूट कॅनॉल करून घेणे, हिरडीत अडकून राहिलेली जुनी मुळे काढणे ही कामेही याच काळात उरकायची असतात.

खर्रा

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, सुपारीचे बारीक काप, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन घोटला की खर्रा तयार होतो. पन्नी खिशात असते, चिमूट गालात. दिवसाची सुरुवात त्याने होते आणि शेतात, पाळीवर, प्रवासात ती चिमूट सुटत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली आणि पुढे सुगंधित तंबाखू व सुपारीही तिच्या कक्षेत आली. खर्ऱ्याची सवय मात्र गेली नाही. स्त्रियांमध्ये मशेरी किंवा गुल दातांना चोळण्याची सवय आढळते आणि ती ‘दात घासणे’ या सदरात मोडत असल्याने विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

खर्ऱ्यातल्या तंबाखूची चर्चा सर्वत्र होते, सुपारीची होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीही त्यातून सुटत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली कडक तंतू साचत जातात. गाल पांढुरके, ताठर होतात, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. याला दंतवैद्यकात ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. हा कर्करोगपूर्व विकार आहे.

याचा रोपणाशी संबंध दुहेरी आहे. पहिला अगदी यांत्रिक. मागच्या दाढेच्या जागी रोपण करायचे तर यंत्राचे डोके आणि त्याला लावलेले ड्रिल उभे मावेल एवढे तोंड उघडावे लागते. साधारण तीन बोटे एकावर एक अशी वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये सहज शिरली, तर काम होते. दोनच बोटे शिरत असतील तर मागच्या दाढांचे रोपण अवघड, आणि एकच शिरत असेल तर रोपणाचा विषय बाजूला ठेवून आधी तोंड उघडण्याचे उपचार करायला हवेत. वडिलांना प्रवासाला बोलावण्याआधी फोनवरून एवढी तीन बोटांची परीक्षा करायला सांगितली, तरी एक फेरा वाचतो. या उपचारांत सवय पूर्ण सोडणे, तोंड उघडण्याचे रोजचे व्यायाम, गालात इंजेक्शने आणि वाढलेल्या विकारात शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. साचलेले तंतू पूर्णपणे विरघळत नाहीत, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

दुसरा संबंध जखम भरण्याचा. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो. धूम्रपान करणाऱ्यांत रोपण निकामी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. चघळण्याच्या तंबाखूत त्यात चुन्याची भर पडते. खर्ऱ्याची चिमूट ज्या गालात राहते, तिथली हिरडी दातांवरून खाली उतरलेली आणि त्वचा भाजल्यासारखी असते. अशा जागी टाका घातला तरी तो धरत नाही. शस्त्रक्रियेच्या निदान एक-दोन आठवडे आधीपासून आणि नंतर दोन महिने तंबाखू पूर्ण बंद, ही धूम्रपान करणाऱ्यांसाठी सांगितली जाणारी किमान अट आहे. खर्ऱ्याच्या बाबतीत ‘तात्पुरते बंद’ याला अर्थ नाही. दोन महिने सोडलेला खर्रा तिसऱ्या महिन्यात परतला, तर रोपणाची जागा पुन्हा त्याच चिमटीच्या ताब्यात जाते. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. निकोटीनची ओढ मनाच्या निग्रहाने हटत नसेल तर औषधे मिळतात.

आणि एक गोष्ट कधीही टाळू नये. गालात, जिभेच्या कडेला किंवा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कठीण गाठ यांपैकी काही आढळले तर आधी तुकडा तपासणी, मग दाताचा विचार. दाताच्या खर्चाच्या चौकशीला आलेल्या माणसाचा आजार अशा तपासणीत लवकर हाती लागला, तर त्या फेऱ्याचे चीज झाले.

पाण्यातले फ्लोराइड

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे जुने निष्कर्ष आहेत. पांढरकवडा परिसरातल्या भूजलाचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही ठिकाणचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅम या मर्यादेच्या कित्येक पट आढळले होते. लहानपणी असे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग, खड्डे दिसतात. एवढ्याने रोपण अडत नाही. मात्र रोपणावरच्या टोपीचा रंग शेजारच्या डागाळलेल्या दातांशी जुळवायचा की ते दात आधी सुधारून घ्यायचे, हे ठरवून ठेवावे लागते. शुभ्र टोपी अशा तोंडात परक्यासारखी दिसते.

वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड शरीरात गेल्यास सांधे आणि पाठ आखडते, हाडे दाट पण ठिसूळ होतात. पाठ वाकत नसल्याची, मान वळत नसल्याची तक्रार असेल तर ती दंतवैद्याला सांगितली पाहिजे. दाट हाडात ड्रिल फिरताना उष्णता वाढते. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सियसच्या आसपास मिनिटभर राहिले, तरी तिथल्या पेशींना इजा होते. त्यामुळे अशा जबड्यात नवे ड्रिल, थंड सलाइनची धार आणि थांबत थांबत काम, हा क्रम पाळावा लागतो.

शरीराची तयारी

मधुमेह म्हणजे रोपणाला मनाई नव्हे. अनियंत्रित मधुमेह म्हणजे मात्र काही काळ मनाई. एका दिवसाच्या उपाशीपोटीच्या साखरेवर न विसंबता तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करावी. ती सातच्या आसपास असेल तर बहुतेक दंतवैद्य पुढे जातात. आठच्या वर असेल तर फिजिशियनकडे परत पाठवतात. हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना वाढवतात. हिरड्या बऱ्या केल्याने साखरही थोडी उतरते, म्हणून हा थांबण्याचा काळ वाया जात नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. दात वाचवताना हृदय गमावण्यासारखे ते होईल. हृदयाची झडप बदललेली असल्यास प्रतिजैविकाची आगाऊ मात्रा लागते. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला घेतली जाणारी गोळी किंवा वर्षातून एकदा टोचले जाणारे इंजेक्शन रुग्ण सांगायला हमखास विसरतात, कारण ते ‘रोजचे औषध’ नसते. त्यांपैकी काही औषधांनी जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. कर्करोगासाठी अशी इंजेक्शने घेणाऱ्यांत रोपण सहसा टाळले जाते. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झालेले असतील, तर कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय साधा दातही काढू नये. सर्व औषधांची वेष्टने पिशवीत घालून सोबत न्यावीत.

मोजमाप आणि हाडाची भर

साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या संवेदनावाहक मज्जातंतूपासून दोन मिलिमीटर, शेजारच्या दातापासून दीड, दोन रोपणांमध्ये तीन आणि स्क्रूच्या दोन्ही अंगांना निदान एक-दीड मिलिमीटर हाड, असा हिशेब असतो. मज्जातंतूला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर राहू शकतो. वरच्या दाढांच्या मुळांवर जबड्याच्या हाडातली सायनसची पोकळी असते. दाढा गेल्यावर ती खाली उतरते. तिचा तळ उचलून खाली हाड भरण्याच्या शस्त्रक्रियेला ‘सायनस लिफ्ट’ म्हणतात.

हाडाची भर घालायची असेल तर एक प्रश्न जरूर विचारावा: हे हाड कोठून येणार? ते रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेता येते, मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले असू शकते, कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे असू शकते, किंवा प्राणिज, बहुतेकदा गोवंशीय असते. वैद्यकीयदृष्ट्या हे शेवटचे साहित्य जगभर वापरले जाते आणि त्याचे परिणाम चांगले आहेत. पण ज्यांच्या घरात श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांना ते नंतर कळू नये. मानवी हाडासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ सालापासून काम करीत आहे. भर घातल्यावर बहुधा चार ते सहा महिने थांबावे लागते.

फेऱ्यांचे नियोजन

आता पुन्हा मुकुटबनकडे. तिथून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्येक कामासाठी तेवढा प्रवास करणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. दात साफ करणे, किडके दात भरणे, टाके काढणे, साखरेच्या तपासण्या ही कामे वणीला किंवा दंतचिकित्सक असलेल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. दूरच्या फेऱ्या राखून ठेवाव्यात त्या पहिल्या तपासणी व स्कॅनसाठी, शस्त्रक्रियेसाठी आणि शेवटी माप व टोपीसाठी. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. अशा महाविद्यालयांत हिरड्या, शस्त्रक्रिया आणि कृत्रिम दात यांचे विभाग एकाच इमारतीत सापडतात. खर्च खासगीपेक्षा कमी, वेळ मात्र जास्त लागतो.

कापूसपट्ट्यात वेळापत्रकही शेतीला धरून असावे. एप्रिल-मेमध्ये हात मोकळे असतात. तेव्हा तपासणी, सफाई आणि काढायचे दात काढून घ्यावेत. पेरणी, निंदणीच्या दिवसांत जखमा भरतात, खर्रा सुटतो की नाही तेही कळते. पोळ्याच्या सुमारास हिरड्यांची दुसरी मोजणी आणि साखर पाहावी. रोपण मात्र ऐन वेचणीच्या घाईत करू नये. त्यानंतर आठवडाभर जड काम, वाकून ओझे उचलणे टाळावे लागते, आणि वेचणीच्या हंगामात ते कोणी पाळत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोटभर खाऊन, रक्तदाबाची नेहमीची गोळी घेऊन जावे. क्लोरहेक्झिडिनने चूळ भरण्यास सांगितले असल्यास ती भरावी. पैसे ठरवताना स्क्रू, त्यावरचा जोड, टोपी, स्कॅन आणि हाडाची भर यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा, कारण जाहिरातीतला आकडा अनेकदा फक्त स्क्रूचा असतो. प्रत्येक रोपणाच्या डबीवर कंपनीचे नाव, माप आणि तुकडी क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावी. पाच-सात वर्षांनी जोडाचा बारीक स्क्रू सैल झाला, तर त्या मापाची किल्ली कोणती हे दुसऱ्या गावच्या दंतवैद्याला त्या चिकटपट्टीवरूनच कळते.